रांजणाच्या कडा

तीर्थरूप नाना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण तुम्ही म्हणाला असतात, 'वाकून केलास, की नुसता लिहिलास?' म्हणून राहू दे.

आज संध्याकाळी आईंनी मला एक प्रश्न विचारला आणि मला उत्तर देता आलं नाही. निखिललाही आलं नसतं. तो तुमचा मुलगा असला तरी बोलण्याच्या बाबतीत आईंवर गेलाय. ज्या माणसाला ते उत्तर आलं असतं, त्याला जाऊन दोन महिने होत आले. म्हणून हे पत्र, कुठे पाठवायचं ते माहीत नसताना.

रेवा बरी आहे, हे आधीच सांगून टाकते. पेपरातली गोष्टसुद्धा तुम्ही शेवटाकडून वाचायचात. ताप उतरला, दवाखान्यातून घरी आली, कालपासून वरणभात खातेय. आईंचं मात्र ठीक नाही. नात एवढ्या आजारातून उठलीय आणि आजी तिच्याजवळ बसत नाही. दाराशी उभ्या राहतात, 'जेवली का?' एवढं विचारतात आणि परत स्वयंपाकघरात जातात. असं कधी झालंय का आपल्या घरात? मला भीती वाटते नाना, की त्या अशाच दाराशी उभ्या राहतील, कायमच्या.

लग्न होऊन मी यवतमाळहून वारज्यात आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी मला खिडकीतून धूर दिसला. मी घाबरून मागे धावले. आपल्या तळमजल्याच्या फ्लॅटमागच्या त्या टीचभर बागेत माझे नवे सासरे गंजीफ्रॉकवर उकिडवे बसलेले. समोर मोडकं घमेलं, त्यात पेटती गोवरी, वर कडुनिंबाचा ओला पाला. तुम्ही मान वर न करता म्हणालात, 'नदी जवळ आहे. डास आपल्या आधीपासून इथे राहतात, त्यांना जरा कल्पना द्यावी लागते.' माझ्या लग्नातल्या साड्यांना पुढे वर्षभर तो वास होता.

तुमच्या त्या उद्योगांवर मी किती वैतागायचे! लसूण ठेचून पाण्यात भिजवलेली बादली, जास्वंदीवरच्या पांढऱ्या किडीसाठी साबणाच्या पाण्यात घोटलेलं निंबोळी तेल, गोगलगायींसाठी वाफ्याभोवती ओढलेली राखेची रेघ. माझा ऑफिसचा कॉल सुरू झाला, की नेमका तुमचा फवारा सुरू व्हायचा आणि मी खाडकन खिडकी लावायचे. मग तुम्ही बाहेरून म्हणायचात, 'खिडकी लावल्याबद्दल आभारी आहे. डाससुद्धा आभारी आहेत, आतले.'

पण भोळे नव्हतात तुम्ही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी लिंबात लवंगा खोचून ठेवायचा उपाय टाकला, तर तुम्ही तो आठवडाभर करून बघितलात आणि उत्तर लिहिलंत, 'डास गेले नाहीत. लिंबं गेली.' मी एकदा विचारलं होतं, नाना, मग तुमच्या धुराने तरी खरंच जातात का? तुम्ही म्हणालात, 'धूर आपल्या समाधानासाठी असतो गं. खरं औषध म्हणजे उपडं भांडं.'

आणि तो तुमचा शनिवार! घरातलं पाणी धरणारं झाडून सगळं बाहेर यायचं. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, पक्ष्यांचं दगडी भांडं आणि शेवटी तो रांजण. कमळाचं टप तेवढं सुटायचं, कारण तिथे गप्पी मासे कामाला होते. बाकी सगळं ओतायचं, काथ्याने घासायचं, उन्हात उपडं घालायचं. 'नुसतं ओतून भागत नाही,' तुम्ही रेवाला सांगायचात. 'अंडी कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी मरत नाहीत, पाण्याची वाट बघत बसतात. कडा घासायच्या.' ती सहा वर्षांची पोर शाळेत जाऊन बाईंना हे सांगून आली. माझ्या बाबांना तर तुम्ही यवतमाळला फोन करून विचारायचात, 'कूलर पुसलात का?' तब्येतीची चौकशी त्यानंतर.

कोणी एखादी बशी विसरलं, की मात्र खैर नसायची. एकदा आईंच्या तुळशीखालच्या बशीत अळ्या सापडल्या होत्या. तुम्ही ती बशी हातात धरून स्वयंपाकघरात आलात आणि अगदी शांतपणे म्हणालात, 'डासांचं बाळंतपण काढायचं ठरवलंय का आपण? तसं असेल तर डिंकाचे लाडू तरी करा.' आईंचं तोंड एवढंसं झालं. पाच मिनिटं गेली नाहीत तोच तुम्ही म्हणालात, 'चहा टाक अर्धा कप.' त्या अर्ध्या कपाचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत होता. विषय संपला, आता पुन्हा निघणार नाही.

त्या बुधवारी संध्याकाळी तुम्ही नेहमीसारखा रांजण भरलात. गुरुवारी आपल्या भागात पाणी येणार नाही असा निरोप आला होता आणि झाडं तहानलेली राहिलेली तुम्हाला खपायचं नाही. रांजण काठोकाठ भरलात, वर जुन्या धोतराचा दुहेरी तुकडा पसरलात आणि त्याला सुतळीची गाठ मारलीत. पहाटे तुमच्या छातीत दुखायला लागलं, आणि आम्ही तुम्हाला दवाखान्याच्या दारापर्यंतसुद्धा नेऊ शकलो नाही.

दुपारी सगळे स्मशानातून परतले. दारात पाय धुवायला पाणी हवं आणि नळ कोरडा. कोणीतरी रांजणाची सुतळी सोडली. तुम्ही झाडांसाठी भरलेल्या पाण्याने लोकांनी तुमच्यामागे पाय धुतले. कडुनिंबाचं पान चावलं, तेही तुम्ही धुरासाठी तोडून ठेवलेल्या डहाळीचं. नाना, माणसाने एवढी तयारी करून जायचं असतं का?

दिवस झाले, पाहुणे गेले. रांजणात निम्मं पाणी उरलं होतं. धोतराचा तुकडा त्या गर्दीत कुठे गेला तो गेलाच. मी झाडांना पाणी घालायला म्हणून त्यात बादली बुडवणार, तर आईंनी माझा हात धरला. 'ह्यांनी भरलेलं आहे ते,' त्या म्हणाल्या. 'राहू दे.'

मी राहू दिलं. कोण नाही म्हणणार होतं? मग रोज सकाळी त्या त्यातलं तांब्याभर पाणी तुळशीला घालायच्या, आणि ते संपू नये म्हणून लगेच नळाचं तांब्याभर वरून ओतायच्या. विरजण राखून ठेवतात ना, तसं. म्हणजे थोडं तरी तुमच्या हातचं त्यात राहीलच. वर एक परात झाकून ठेवायच्या. रांजणाच्या तोंडाला परात कधी नीट बसते का? पण आईंना ते पाणी झाकलेलं वाटत होतं. मलाही वाटलं असेल. तुम्ही गेल्यापासून बागेकडे नीट बघायचं धाडस आमच्यात कुणातच नव्हतं.

निखिल एकदा म्हणाला, 'आई, रांजण धुवायला हवा गं एकदा.' आई म्हणाल्या, 'तुला काय घाई झालीय?' नवऱ्याला जाऊन महिना झालेल्या बाईशी पाण्यावरून भांडायचं कोणी? शनिवारमागून शनिवार गेले आणि आपल्या घरातलं एकही भांडं उपडं झालं नाही.

मग रेवाला ताप आला. आधी वाटलं पावसाळ्याचा असेल. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, 'आई, डोळ्यांच्या मागे दुखतंय,' आणि मी तिला तशीच उचलून डॉक्टरांकडे नेलं. रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. पेशी उतरत गेल्या, अंगभर लाल ठिपके आले, दवाखान्यात ठेवावं लागलं. एका संध्याकाळी डॉक्टर आमच्याशी बोलताना फाईलमध्येच बघत राहिले, तेव्हा निखिल भिंतीला टेकून खाली बसला. तुमच्यावर मला तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू? एवढी वर्षं पहारा केलात आणि नेमके तेव्हाच नव्हतात.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायला मी घरी आले. आई देवापाशी बसल्या होत्या. मी मागे गेले आणि का कोण जाणे, परात उचलली. माझी सावली पाण्यावर पडली आणि वरच्या सगळ्या अळ्या वळवळत खाली गेल्या. तुम्हीच दाखवलं होतंत रेवाला, सावली पडली की बुडी मारतात म्हणून. किती होत्या म्हणून सांगू! तुमच्या रांजणात, नाना. मी निखिलला बोलावून घेतलं. आम्ही दोघांनी तो कलंडवला आणि सगळं पाणी कोरड्या मातीत जाऊ दिलं. तुमच्या हातचं पाणी मातीत मुरताना निखिल हुंदके देऊन रडला. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा तो असा रडला नव्हता.

आईंना काय सांगायचं, ते आम्ही तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. रांजणाला तडा गेला होता, पाणी झिरपत होतं, म्हणून ओतलं. आणि ताप शेजारच्या बांधकामावरून आला, तिथे टाक्या उघड्या आहेत. तिथे टाक्या आहेतही उघड्या, आणि डासाला पत्ता विचारता येत नाही. कुणास ठाऊक, खरंच तिथलाच असेल. आईंनी दोन्ही ऐकून घेतलं. 'बरं,' म्हणाल्या. मला वाटलं, सुटलो.

रेवा घरी आली आणि आई दाराशी थांबल्या. आम्ही त्यांना जपायला लागलो. आई, तुम्ही बसा. आई, मी करते. आई, औषध घेतलंत का? निखिल तर त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसा बोलायला लागला. आम्ही जेवढे गोड बोलायचो, तेवढ्या त्या वाळत गेल्या. एकदा रेवा म्हणाली, 'आजी, गोष्ट सांग ना,' तर म्हणाल्या, 'तुझ्या आईला सांग हं बाळा.' आणि वळल्या. तो 'हं' मी अजून विसरले नाहीये.

आज शनिवार. संध्याकाळी मागून खरखर आवाज यायला लागला. जाऊन बघते, तर आई रांजण आडवा पाडून त्यात खांद्यापर्यंत शिरलेल्या, हातात काथ्या.

'आई, अहो काय करताय? कंबर धरेल. आम्ही ओतलंय ते केव्हाच.'

'नुसतं ओतून काय होतं?' त्यांचा आवाज रांजणातून घुमून आला. 'अंडी कडेला असतात. कडा घासायच्या असतात. आयुष्यभर ऐकलंय मी.'

त्या बाहेर आल्या, पदराने तोंड पुसलं आणि रांजणावरून हात फिरवला, सगळीकडून.

'तडा कुठे आहे गं ह्याला? मला तर कुठे दिसला नाही.'

पावसाळी हवा, डास चावत होते. मग त्या म्हणाल्या, 'त्याच दिवशी कळलं मला. ओल्या मातीत अळ्या होत्या. तुम्ही दोघं माझ्याशी इतकं गोड का बोलता, मृणाल? हे असते तर मला बोलले असते. चांगलं सुनावलं असतं. पोरीच्या जिवावर बेतलं होतं माझ्यामुळे. तुम्ही मला बोलत का नाही?'

हाच तो प्रश्न. मी त्यांना जवळ घेतलं, 'तसं काही नाही आई' म्हटलं, आणि म्हणताना कळत होतं की हे उत्तर नाही. त्यांनी माझा हात हळूच बाजूला केला आणि काथ्या धुवायला गेल्या.

फवारे शिकवलेत, राख कुठे टाकायची ते शिकवलंत. आईंना बोलायचं कसं, ते तेवढं आपल्याकडेच ठेवलंत. आम्हाला वाटत आलं की तुम्ही तिरकस आहात आणि त्या बिचाऱ्या ऐकून घेतात. ते सुनावणंच त्यांना पुन्हा घरात घेत होतं, हे आम्हाला कोण सांगणार होतं? आम्ही त्यांना माफ करून बसलो, आणि त्या बाहेरच राहिल्या.

रांजण आत्ता बागेत उपडा आहे. बुधवारी मी तो भरीन, कापड दुहेरी घालून बांधीन, शनिवारी रिकामा करून कडा घासीन. हे वचन सोपं आहे, त्याला काथ्या पुरतो. अवघड ते मी उद्या सकाळी करणार आहे. स्वयंपाकघरात जाणार आहे आणि आईंच्या डोळ्यांत बघून विचारणार आहे, 'आई, एवढं डासांचं बाळंतपण काढलंत, तर डिंकाचे लाडू तरी करायचे होतेत.' ऐकणाऱ्याला मी दुष्ट वाटेन. माझा आवाज फुटेल आणि तुमच्यासारखं कोरडं मुळीच जमणार नाही. त्या रडतील. रडू देत.

पण पाच मिनिटं मी तिथून हलणार नाही, नाना. आणि मग त्यांच्याकडे अर्धा कप चहा मागीन.

तुमची सून,
मृणाल