येणारच म्हणाला

बेंबळी,
१४ नोव्हेंबर २०२४

प्रिय रणधीरदादा,

नमस्कार. वहिनी आणि मुलं मजेत असतील. इकडं ज्वारी गुडघ्याला लागली. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली. आईचं बरं चाललंय. फोनवर बोलायचं तर ती शेजारी कान देऊन बसते, म्हणून हे पत्र.

तू दर वेळी म्हणतोस, "प्रॉबेबली येतो." शाळेत हा शब्द मी फळ्यावर पायऱ्या काढून शिकवते. वरच्या पायरीवर सर्टनली, तिच्याखाली प्रॉबेबली, अगदी तळाला परहॅप्स. घरी मात्र आईनं "काय म्हनला गं?" विचारलं की मी सांगायची, "येणारच म्हणाला." तिचा चेहरा फुलायचा. मला तेवढं पुरे व्हायचं.

मंगळवारी ती परडी घेऊन पाच घरी जोगवा मागते, तुला ठाऊकच आहे. पाचही घरी सांगून यायची, "माझा रणधीर येनार हाय. डोळ्याचं त्याच्यासंगंच जाऊन करनार." त्यापायी काचबिंदूच्या ऑपरेशनची तारीख तीनदा पुढं गेली. गणपती, दसरा, दिवाळी.

परवा चन्नम्माकाकू त्यांच्या दारात पीठ वाढायला आल्या, तर आईनं परडी भलतीकडंच धरली. सगळं पीठ उंबऱ्यावर. काकूच तिला हाताला धरून घरी घेऊन आल्या. काल मी रजा टाकून तिला सोलापूरला नेलं. डावा डोळा गेला, दादा. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही.

म्हणजे वर लिहिलेलं "बरं चाललंय" खोटंच. खरं तर तुला चार शब्द सुनवायलाच बसले होते. तू काही धुतल्या तांदळाचा नाहीस. पण "येणारच" तू कधी म्हणाला नव्हतास, ते मी म्हणाले. हे मला सहन होत नाही.

येताना एसटीत तिला सगळं सांगितलं. तुळजापूर आलं. मग म्हणाली, "म्हंजी नक्की येतो म्हून त्यो कधी म्हनलाच न्हाय?"

"कधीच नाही," मी म्हणाले.

"मग सोमवारी तूच चल. त्याला कळवू नगंस."

तरी कळवते आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन सोमवारी सकाळी नऊ वाजता आहे. त्या डोळ्यानं तिला अजून माणूस ओळखू येतं.

तुझी,
दीपमाला