आईची मेणवेल गुनवोरला न देण्याबाबत

मी, सिग्ने हेडलुंड, वय सेहेचाळीस, राहणार हेर्नोसांद, गुरुवारी हृदयाची शस्त्रक्रिया आहे म्हणून, कोणाच्या दबावाखाली नव्हे, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहीत आहे. शुद्धीत आहे; शांत आहे, असा मात्र दावा नाही.

१. माझा फ्लॅट, बँकेतली शिल्लक आणि कॉफीची किटली थोरली बहीण गुनवोर हिला. तिला भाड्याच्या घरातून निघायचंच आहे.

२. आईची मेणवेल गुनवोरला नाही. कधीही नाही.

आई गेल्यावर ‘थोरलीचा मान’ म्हणत तिने वेल उचलून नेली आणि उरलेली कॉफी कुंडीत ओतू लागली. पानं पिवळी पडली, तर वेल तहानलेली समजून आणखी ओतली. शेवटी कचऱ्याच्या पिशवीत घालून माझ्या दारात आणली.

“घे बाई. मेलीच आहे ती.”

“कॉफी कोण ओततं गं कुंडीत?”

“आईसुद्धा ओतायची की!”

“आई बिनदुधाची ओतायची, पाण्यात पातळ करून, उन्हाळ्यात. तू दूध-साखरेची, ऐन डिसेंबरात!”

मुळं कुजून काळी झाली होती. ती कापली, एक धड फांदी पाण्यात रुजवली, भुसभुशीत मातीत लावली. तिसऱ्या उन्हाळ्यात फुलं आली आणि गुनवोरही आली.

“आईची आठवण आहे, माझ्याकडे हवी. झाडपाल्यासाठी सख्ख्या बहिणीशी भांडतेस?”

हा सूड आहे का, असं मी स्वतःला विचारलं. हे कलम दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. आहे, सूडच आहे. पण वेल तिच्याकडे जगणार नाही, हेही तितकंच खरं आहे.

३. वेल अंगणापलीकडच्या टोर्केल यांना. ते म्हणाले, “द्या खुशाल. तुमच्या ताईंना मात्र कप बाहेर ठेवूनच आत घेईन.”

त्यांच्यासाठी सूचना: हिवाळ्यात माती आतपर्यंत वाळल्याशिवाय पाणी नको. पानांच्या कडा करपल्या तर कुंडी हीटरपासून दूर सरकवा. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटच्या बोळ्याने पुसा. बिनपानांची लांब फांदी छाटू नका, पानं नंतर येतात. फुलं गळल्यावर त्यांचा देठही कापू नका; पुढची फुलं त्याच देठावर येतात. गुनवोर तो दरवर्षी कात्रीने ‘नीटनेटका’ करायची.

४. वेल टोर्केल यांच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेकडच्या खिडकीत, पडद्याविना ठेवावी. ही खिडकी माझ्या, म्हणजे यापुढे गुनवोरच्या, ओट्यासमोर येते. कळ्या धरल्यावर कुंडी हलवली की त्या गळतात, म्हणून गुनवोरने कितीही विनवलं तरी ती तिथून हलवू नये. रोज सकाळी कॉफी ओतताना तिला ती फुललेली दिसावी.

टोर्केल यांना वेल मिळणार असल्याने त्यांची साक्ष घेतलेली नाही.

सही: सिग्ने हेडलुंड
हेर्नोसांद, ९ नोव्हेंबर

आम्हा दोघांसमक्ष, एकाच वेळी, सही झाली:
माइ-ब्रित सुंडेल, ग्रंथालयातील सहकारी
योरान विक्सत्रोम, वरच्या मजल्यावरचे शेजारी