शंखाला माझं नाव

३ मार्च, रविवार. सकाळी दहा.
सुएझच्या संग्रहालयात बावीस वर्षं शंख-शिंपले सांभाळतोय, पण नशीब आज उघडलं. काल किनाऱ्यावर सापडलेला शंख धुऊन पाहिला. पातळ, तोंड रुंद, दात नाहीत. पुस्तकात असा कुठेच नाही. (सत्तर पानं पाहिली. उरलेली उद्या.) म्हणजे नवी जात. जूनमध्ये रिटायर होतोय, मागे नाव राहायला हवं. हेच ते.

५ मार्च.
अडचण. नव्या जातीला स्वतःचं नाव स्वतः द्यायचं नाही, असा आमच्यात रिवाज आहे. दुसऱ्याने द्यावं लागतं. कुठल्या मत्सरी माणसाने ठरवलं कोण जाणे. निश्चय: पेपर आमच्या संग्रहालयाच्या शास्त्रज्ञ डॉ. नजवा लिहितील आणि नाव माझं देतील. आपल्यालाच सुचलं असं त्यांना वाटायला हवं.

७ मार्च, गुरुवार.
डॉ. नजवांच्या टेबलावर बसबूसा, पाकातली रव्याची वडी, ठेवली. सहज म्हणालो, 'वगदी' हे नाव लॅटिनमध्ये काय छान बसतं. त्या म्हणाल्या, उस्ताद वगदी, माझी साखर वाढलीय, हवंय काय ते सरळ बोला. बोललो नाही. बसबूसा मीच संपवली.

८ मार्च, शुक्रवार.
बायकोला, सनियाला, सांगितलं. कुणाजवळ बोलू नकोस म्हटलं. दुपारी मेव्हणीचा इस्माइलियाहून अभिनंदनाचा फोन. संध्याकाळी न्हावीही म्हणाला, या, शंखवाले. सनिया म्हणते, घरातला बल्ब बदलायला महिना लावता, आणि समुद्रातलं जनावर एका दिवसात ओळखलंत? दुर्लक्ष केलं. मोठ्या माणसांच्या बायका अशाच असतात.

१२ मार्च.
पुस्तक राहिलंच. गरजही नाही. डॉ. नजवांपुढे शंख ठेवला आणि एकदाचं सरळ सांगून टाकलं. त्यांनी भिंगातून पाहिलं, परवा बोलू म्हणाल्या. हसत होत्या. आनंद झाला असणार.

१४ मार्च, गुरुवार.
डॉ. नजवा म्हणाल्या, ही कवडी आहे हो, अजून लहान आहे. मोठी झाली की कड आत वळते, दात नंतर येतात. मी म्हणालो, हे बावीस वर्षांत मला कुणी सांगितलं नाही.

त्यांनी कपाटाचा खालचा खण ओढला. पाच कवड्या ओळीने मांडलेल्या, लहानपणापासून म्हातारपणापर्यंत. पहिली हुबेहूब माझ्यासारखीच, म्हणजे माझ्या शंखासारखी. शेजारी चिठ्ठी: 'कवडीची वाढ. विद्यार्थ्यांना समजावण्यासाठी.' खाली २००५ साल आणि माझी सही.

फार वाईट वाटलं. इस्माइलियाला काय सांगायचं?

डॉ. नजवांनी चिठ्ठी उजेडात धरली. मग म्हणाल्या, अक्षर काय सुंदर होतं हो तुमचं.