त्रेचाळीस माणसं

४ जानेवारी २००५

आज दुपारी सव्वाचार वाजता माझं सगळं बदललं. माझ्या कॉलेजच्या वर्गातली उन्नती दुकानात आली!

मी टेबलाखाली, एका पीसीची धूळ काढत होतो. वरून आवाज — "फ्लॉपी वाचत नाहीये. होईल का काही?" आवाज ओळखला आणि उठताना डोकं आपटलं. दुकानाचा मालक, आमचा सिंधी सेठ, हसला. "आराम से पुट, टेबल मेरा है!"

दीड वर्षानं बघतोय तिला. तशीच घाईत. म्हणाली, "अरे महेंद्र! इथे दडलायस होय?" दडलोय? उल्हासनगरच्या भर बाजारात कॉम्प्युटर जोडतो मी, दडतो कसला! पण तोंडातून एवढंच आलं, "फ्लॉपी दे."

तिचं शेवटचं वर्ष चालू आहे. प्रोजेक्ट त्या फ्लॉपीत अडकलाय. सोबत एक जाड वही ठेवून गेली. "वाटलं तर वाच." जाताना दारातून म्हणाली, "कुमुदिनी मॅडम विचारत होत्या तुझं. कॉलेज मध्येच सोडलेल्यांचे अर्ज दहा मार्चपर्यंत घेतात. जूनपासून परत सेकंड इयरला बसता येतं."

"मी त्या ऑफिसची पायरी चढणार नाही."

"बरं," म्हणाली. नुसतं बरं!

५ जानेवारी

इथे तरी खरं लिहावं. लॅबमध्ये एक जण उन्नतीबद्दल घाण बोलला. मी कॉलर धरली. त्या झटापटीत मॉनिटर खाली. मला आठ दिवस कॉलेजबंदी. मी सरळ ऑफिसात गेलो, ऑफिसवाल्यांसमोर ओळखपत्र फाडलं आणि घरी आलो. त्यांनी शिक्षा आठ दिवसांची दिली, मी दीड वर्ष भोगतोय. उन्नतीला तर कारणही माहीत नाही.

बाबा एमआयडीसीत मशीनवर उभे असतात. त्या दिवशी एकच वाक्य बोलले, "तुझा राग पगार देतो का रे?" नंतर घरात कॉलेजचं नाव नाही. 'शिका' हा शब्द मात्र आमच्या भिंतीवर फोटोखाली तसाच आहे. जेवताना माझी पाठ त्याच्याकडे असते. मुद्दाम.

८ जानेवारी

कॉलेज आठवतंय. काय तास होते! एकाच इमारतीत खाली आर्ट्स, वर आम्ही. आर्ट्सचे हरिचंद्र सर आम्हा कॉम्प्युटरवाल्यांना तर्कशास्त्र शिकवायला जिना चढून यायचे, धापा टाकत. म्हणायचे, "मशीन खोटं बोलत नाही, पण तुम्ही खोटं सांगितलंत तर तेही इमानानं ऐकतं."

आणि कुमुदिनी मॅडम! पहिल्याच तासाला सगळी मशीनं बंद करायला लावली. कागद काढा म्हणाल्या. "कँटीनमध्ये चहा सांगितल्यापासून हातात येईपर्यंत काय काय होतं, लिहा." मी चार ओळी लिहून पेन ठेवला. उन्नती दोन पानं लिहीत बसली. मुली खिडकीतून चहा सांगतात तो वहीत चढतच नाही, हेसुद्धा तिनं लिहिलेलं! मॅडमनी ते वर्गात वाचून दाखवलं. मी तेव्हाच गेलो कामातून.

१६ जानेवारी

फ्लॉपी वाचली!! प्रोजेक्ट खरवई गावातल्या एका दवाखान्याचा. अकराशे चाळीस केसपेपर तिनं स्वतः टाइप केलेत. पेशंटचं नाव टाकलं की कागद समोर.

पण प्रोग्रॅम बैलगाडी आहे. तिनं फक्त फाइल काढून मागितली होती. मी अख्खा प्रोग्रॅम नव्यानं लिहायला घेतलाय. गिऱ्हाईक नसलं की लिहितो. सेठ म्हणतो, "किसके लिए इतना पसीना, साईं?" सांगतो की काय!

तिची वही बघितली. सगळं हातानं लिहिलेलं, दोनशे पानं. मॅडमचा नियमच आहे — कीबोर्डला हात लावण्याआधी त्या जागी चार दिवस बसायचं, दिसेल ते लिहायचं. कोण वाचत बसणार! कोड बोलतो.

३० जानेवारी

झाला! बटण दाबायच्या आत नाव हजर. वर आणखी एक कमाल — त्रेचाळीस डुप्लिकेट सापडले. नाव तेच, बापाचं नाव तेच, आडनाव तेच, गाव तेच. वय तेवढं वेगळं, म्हणजे टायपिंगची चूक. सगळे उडवले. उन्नतीला फोनवर सांगितलं. ती आधी चिडली, "तुला कोणी सांगितलं होतं?" मग म्हणाली, "रविवारी खरवईला ये. वेणूबाईंना दाखवू."

रविवारी!

६ फेब्रुवारी

मेलो. लाजेनं मेलो.

वेणूबाई म्हणजे त्या दवाखान्यातल्या केसपेपरवाल्या. साठीच्या असतील. सेठचा जुना पीसी रिक्षातून नेला, मांडला, ऐटीत म्हटलं, "बाई, कुठलंही नाव सांगा."

"भगवंत जोमा भोईर."

आला. वय एकोणीस.

"ह्यो नातू. म्हातारा कुठंय?"

"एकच आहे. दुसऱ्यात वय चुकून चौऱ्याहत्तर पडलेलं. काढला."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "अरं बाला, तो बघ, बाकड्यावर बसलाय!"

बाकड्यावरचा म्हातारा वाकून बघायला लागला. "मना मारलंस का रं?"

अख्खा दवाखाना हसला. डॉक्टरसुद्धा!

त्यांच्यात थोरल्या नातवाला आजोबाचं नाव ठेवतात. म्हाताऱ्याच्या बापाचं नाव जोमा, म्हणून त्यानं पोराचं नाव जोमा ठेवलं. त्या जोमानं आपल्या पोराचं ठेवलं भगवंत. झाले दोघे भगवंत जोमा भोईर! म्हाताऱ्याची बीपीची गोळी मी पुसून टाकलेली आणि त्या नावावर उरलं नातवाचं खरजेचं मलम.

बाहेर आल्यावर उन्नती ओरडली नाही, तेच जास्त लागलं. म्हणाली, "त्रेचाळीस माणसं पुसलीस तू. पान अकरा वाचलंस?"

७ फेब्रुवारी

वाचलं. पान अकरा — "नाव विचारल्यावर वेणूबाई लगेच विचारतात, 'म्हातारा का पोर?' म्हातारे वरच्या फळीवर, पोरं खालच्या. नाव पुरत नाही. प्रत्येकाला नंबर हवा." वही माझ्याकडे महिनाभर होती!

मग थांबलोच नाही. पान चोवीस — बायका दारात आधी वेगळंच दुखणं सांगतात, खरं आत सांगतात. म्हणून कारण बाहेर लिहायचं नाही. पान साठ — नव्या बिल्डिंगवाले घाई करतात, गाववाले वाट बघतात, म्हणून गाववाल्यांचा नंबर नेहमी मागे जातो. अशी पानंच्या पानं! ही पोरगी चार दिवस एका स्टुलावर बसली आणि तिनं अख्खं गाव ऐकलं. मी दोन आठवडे मशीनसमोर बसलो आणि गाव पुसलं.

मला वाटायचं आपण हुशार. आपण नुसते फास्ट.

२० फेब्रुवारी

आज शेवटचा कागद परत चढवला. दर रविवारी खरवई — ती वाचायची, मी टाइप करायचो. प्रत्येकाला नंबर. वेणूबाईंनी म्हाताऱ्याला बोलावून पडद्यावर नाव दाखवलं. "जिता झालास रं, भगवंता!" त्यानं माझ्या पाठीत दणका घातला.

कॉलेजबद्दल तिनं एकदाही विचारलं नाही. मीच विचारलं, "मॅडम अजून मशीनं बंद करायला लावतात?" "हो," म्हणाली.

२ मार्च

उन्नतीची तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या सरांनी प्रोग्रॅमची तारीफ केली. आणि ही बया म्हणाली, "सर, अभ्यास माझा आहे. कोड माझा नाही. महेंद्र नावाच्या मुलानं लिहिलाय."

कोणी विचारलं होतं का हिला?! मार्क रोखले. कोड स्वतः लिहून सहा महिन्यांनी परत परीक्षा.

३ मार्च

दुकानातून थेट कॉलेजात गेलो, त्या सरांना विचारायला. सर कालच गेलेले. जिन्यात कुमुदिनी मॅडम भेटल्या. माझ्या मुठी बघून म्हणाल्या, "भांडायला आलास तर परत आठ दिवस मिळतील. अर्ज घेऊन आलास तर दोन वर्षं. बघ, हिशोब येतो ना?" आणि कोरा अर्ज हातात दिला. खिशात घालून आलो. भरला नाही. माझ्यामुळे तिचे सहा महिने गेले, आणि मी कुठल्या तोंडानं जाऊ?

९ मार्च

आज उन्नतीला सगळं सांगितलं. कॉलर का धरली, प्रोग्रॅम का लिहिला, सगळं. खरवईच्या स्टॉपवर, रिक्षावाल्यांसमोर!

शांतपणे ऐकलं. म्हणाली, "महेंद्र, नाही. तू चांगला आहेस, पण नाही." मग म्हणाली, "माझ्या वतीनं भांडलास मला न विचारता. कोडही लिहिलास मला न विचारता. कधी विचारशील कोणाला?"

मी म्हटलं, "मग परीक्षेत माझं नाव का घेतलंस?"

"खरं होतं म्हणून. तुझ्यासाठी नाही."

रिक्षात बसली, गेली. राग शोधला मी. आलाच नाही. एवढी ताठ मान मी आजवर बघितली नाही.

१० मार्च

अर्ज भरला. कारणाच्या रकान्यात एकच ओळ — "मला ऐकायला शिकायचं आहे." ती नाही म्हणाली, आणि तरी मला जायचंय. कालपर्यंत हे शक्य वाटलं नसतं.

बाबा ड्युटीवर, आई दळणाला. कोणाला सांगत बसत नाही. ऑफिस पाचला बंद होतं.

चाललो. दार ओढून घेतो.