उतरलेला आकडा

आई, तू गेलीस तेव्हा मी कॉलेजात होते, त्यामुळे माझी नोकरी तुला माहीत नाही. नाशिकच्या ऑफिसात बसून मी परदेशातल्या एका ज्वालामुखीतून निघणारा गंधकाचा वायू मोजते. यंत्र तिथे डोंगराच्या पायथ्याशी, आकडे इथे माझ्यासमोर. वायू वाढला की उद्रेकाची शंका घ्यायची. उद्रेकानंतर तो उतरला की खाली हलवलेल्या डोंगरावरच्या शेतकऱ्यांना घरी जाऊ द्यायचं का, ते ठरतं. या वेळी उद्रेकानंतर तिसऱ्याच दिवशी आकडा निम्म्यावर आला. ऑफिसात सगळे खूश. इतक्या लवकर आलेल्या चांगल्या बातमीवर मी विश्वास ठेवत नाही. तू तर पावसाच्या अंदाजापासून पाहुण्यांनी केलेल्या कौतुकापर्यंत सगळ्यावरच शंका घ्यायचीस.

चांदवडची आपली कांद्याची चाळ आठवते. रोज सकाळी तू तिच्या कडेने हुंगत जायचीस. आत कांदा सडू लागला की दिसण्याआधी तुला कळायचं. एकदा तू तापाने पडलेली, म्हणून मला पाठवलंस. मी लगेच परत आले.

"वास नाय."

"कुठं उभी व्हतीस?"

"दारात."

"आन् वारा?"

"पाठीमागून."

"मंग बाई, तुला तुझाच वास आला. जा, पल्याड जाऊन हुंग."

पल्याड नाक धरावं लागलं. मग अंगात ताप असताना तू माझ्याबरोबर दुपारपर्यंत सडका माल बाजूला काढलास.

परवा मी ज्वालामुखीजवळच्या वाऱ्याची नोंद उघडली. वारा फिरला होता. वायू कमी झालाच नव्हता, यंत्राला चुकवून दुसऱ्या अंगाने जात होता. मी ऑफिसातल्या सरांना फोन केला. म्हटलं, आकडा मागे घ्या, कुणाला वर सोडू नका.

"खात्री आहे?"

"नाही. म्हणूनच."

माणसांनी भरलेली एक गाडी तोवर निघाली होती. ती अर्ध्या वाटेवरून परत फिरवली.

असं कसं झालं, हे सरांनी नंतर विचारलं. यंत्राची मर्यादा, असं मी सांगितलं, आणि त्यांनी ते मानलं. यंत्र ठीक होतं. वाऱ्याची नोंद न पाहता तो आकडा मीच पुढे पाठवला होता. हे अजून कुणालाच माहीत नाही. तू असतीस, तर तुलाही सांगितलं नसतं.