विलासच्या गावात माझं मशीन

१४ सप्टें.
मुरबाडला बारशाला गेलो. मावसभाऊ विलासनं परत तोच विषय काढला, भर पंगतीत. "सुनंदाताईनं म्हैस विकून क्रिप्टोचे टोकन घेतले नि चुकीच्या नेटवर्कवर पाठवून घालवले. मोबाइल जमत नाय तिला." सगळे हसले. नेटवर्क कुठलं निवडायचं ते त्यानंच मला फोनवर सांगितलेलं. मी वाढत होते. त्याच्या पानात तळाचा करपलेला भात घातला. तेवढंच.

१९ सप्टें.
मेडिकलमध्ये दुपारी गिऱ्हाईक नसतं. हिंदी व्हिडिओ बघतेय. टोकन हरवलेच नव्हते! पत्ता माझाच, फक्त दुसऱ्या नेटवर्कवर जाऊन बसलेत. ते नेटवर्क मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये जोडलं की दिसतात म्हणे.

२१ सप्टें.
दिसले. सगळेच्या सगळे. काउंटरखाली बसून रडले, मालकांना सांगितलं डोकं दुखतंय. हलवता मात्र येत नाहीत. फी त्याच नेटवर्कच्या नाण्यात भरावी लागते, ते आपल्याकडे नाही.
विलासला हे माहीत असेल का?

२४ सप्टें.
माहीत होतं. सापगावची एक बाई औषधाला आली, तीही त्याच्याच नादानं टोकनमध्ये शिरलेली. तिचेही असेच अडकलेले. त्यानं सोडवून दिले, अर्धे स्वतःला ठेवून. मला म्हणते, "तुमी तर बहीण. तुमचे फुकट सोडवले असतील, नाय?"
गोळ्या मोजताना दोनदा चुकले.

२ ऑक्टो.
फीपुरतं नाणं विकत घेतलं. सुटले! पण भाव पार पडलाय. म्हशीच्या किमतीचा जेमतेम तिसरा हिस्सा. माझा नवरा दत्ता म्हणाला, "थांब जरा, वर जाईल." वर्षभर थांबलेच ना मी. विकले. गेलं ते गेलं. उरलंय ते विलासची जिरवायला लावायचं.

६ ऑक्टो.
डोळखांबला जुनं भात मळणीचं मशीन बघून आले. आवाज जास्त करतं, पण काम चोख. ट्रॅक्टर आपला आहेच. विलासचा धंदा हाच, त्याच्याकडच्या गावांत त्याचं एकट्याचं मशीन, सांगेल तो दर.
दत्ता म्हणाला, "शहापुरात चालवू. इथं काय कमी काम आहे?"
"नाय. त्याच्या गावात."
"बहीणभावात बरं दिसत नाय गो."
"त्याला दिसलं व्हतं?"
इसार दिला.

३ नोव्हें.
रजा टाकली. पहिलं खळं विलासच्या शेजाऱ्याचं. दर मुद्दाम कमी लावला. विलास रस्त्यात मोटरसायकल उभी करून बघत होता. मी हात केला. भुशानं अंग खाजत होतं, पण काय बरं वाटलं!
संध्याकाळी त्याचा मेसेज. टोकनचा भाव चढल्याचा फोटो, खाली "ताई, घाई केलीस." लगेच भाव बघितला. खरंच चढलाय. उद्यापासून दर अजून खाली.

१० नोव्हें.
त्याची तीन गावं आपल्याकडे. डिझेल जाऊन हातात काही उरत नाही. दत्ता सांगून दमला. चालेल मला.
विलासनं मशीन विकलं म्हणे. दोनदा विचारून खात्री केली. पेढे आणले. दत्तानं खाल्ला नाही.

१२ नोव्हें.
मावशीचा फोन. विलासची आई. आई गेल्यावर माझी दोन्ही बाळंतपणं हिनंच काढली.
"सुनंदे, माझं भात खळ्यावर उघडं पडलंय गो. आभाळ भरलंय. विलास फोन उचलत नाय. तू येतेस ना?"
ते भात विलासही खाणार. त्याची बायकोपोरंही. "बघते" म्हणाले नि ठेवला.
दत्तानं न विचारता मशीन ट्रॅक्टरला जोडलं. आत येऊन म्हणाला, "तू सांगशील तसं." आता ओट्यावर बसलाय. मुरबाडच्या अंगाला काळं झालंय. जावं की नाही, माझं अजून ठरत नाही.