किंचित उंच टायर

ठमे,

"बाबा, गाडीचं पोट घासलं!" गल्लीच्या तोंडाशी तो स्पीडब्रेकर आला, की तू लहानपणी मागच्या सीटवरून ओरडायचीस आणि तुझी आई खुदकन हसायची. आज सकाळी तुझी गाडी त्यावरून नेली, तेव्हा दोघींचे आवाज कानात घुमले.

तू गाढ झोपली होतीस, उठवलं नाही. टायर पार गुळगुळीत झाले होते, चारही बदलून आणलेत. चाकं तीच, टायर मात्र मूळ मापापेक्षा किंचित उंच घेतलेत. टायरवाला म्हणाला, "काका, कंपनीचं माप सोडून हे कशाला?" म्हटलं, "तू बसव रे बाबा." स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून पाहिलं, कुठे लागत नाही. आता काटा दाखवेल त्याहून खरा वेग जरा जास्त असेल, तेव्हा बेतानं चालव. स्टेपनी जुन्याच मापाची आहे; लागलीच तर जवळच्या पंक्चरवाल्यापर्यंतच जा.

मी कामावर निघालोय. निघताना घराची किल्ली शेजारच्या मावशींकडे दे.

दर वेळी फोनवर म्हणतेस, "बाबा, तुमच्या गल्लीत गाडी खालून घासते, कशी येऊ?" आणि मी "बरं, राहू दे" म्हणून फोन ठेवतो. आज मुद्दाम दोनदा नेऊन पाहिली. घासत नाही.

राहू दे, असं मला कधीच म्हणायचं नव्हतं. आई गेल्यापासून तुझ्यावाचून करमत नाही गं. येत जा.

बाबा